टॉफीरावांचं पित्त

मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात भेट झाली की पूर्वी लोक आम्हाला विचारायचे, "मुलगी कितवीत?" हल्ली विचारतात, "घोडा कसा आहे?" त्यावर आम्ही "अल्सर झाला होता, आता बरंच बरं आहे" म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग आमचे चेहरे बघून गंभीर होतो आणि हळूच विचारतो, "म्हणजे, घोड्यालाही अ‍ॅसिडिटी होते?"

होते, वाचकहो, चांगलीच होते. आणि ती निस्तरताना आम्ही जे पैसे, झोप आणि शहाणपण घालवलं (शहाणपण मुळात होतं असं धरून!), त्यातलं थोडं तरी इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी बऱ्याच घरांतल्या मुली आता घोडेस्वारी शिकू लागल्या आहेत. आज ना उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आईबाबांवर ही वेळ येणारच.

बेसिंगस्टोक म्हटलं की बाहेरच्यांना आठवतात ते राउंडअबाउट आणि काचेच्या कचेऱ्या. पण गावाबाहेर दहा मिनिटं गाडी हाकली की दोन्ही बाजूंना कुंपणं आणि त्यांच्या आत घोडेच घोडे. पश्चिमेला किंग्जक्लेअरला शर्यतीच्या घोड्यांची जुनी पागा आहे. १९७१ ची डर्बी जिंकणारा मिल रीफ तिथलाच. उत्तरेला स्ट्रॅटफील्ड से. ही ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जहागीर, म्हणजे १८०३ साली असईच्या लढाईत आपल्या शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला तोच वेलस्ली. वॉटर्लूला ज्या घोड्यावर तो दिवसभर बसला होता, त्या कोपनहेगनची समाधी तिथं आहे. १८३६ साली अठ्ठाविसाव्या वर्षी तो घोडा गेला आणि त्याला लष्करी इतमामानं पुरलं. आम्ही लेकीला तिथं नेलं होतं ते असईचा इतिहास सांगायला. तिनं इतिहास ऐकला की नाही कोण जाणे, घोड्याच्या थडग्यापाशी मात्र ती बराच वेळ उभी राहिली. परत येताना गाडीत विषय निघाला तो घोड्याचाच, आणि दोन वर्षांत टॉफी घरात आला. घरात म्हणजे भाड्याच्या पागेत.

टॉफी न्यू फॉरेस्ट जातीचा पोनी, रंगानं गूळ, वजन ३२० किलो. स्वभावानं इतका गरीब की आम्ही त्याला 'टॉफीराव' म्हणू लागलो. पहिलं वर्ष सुखात गेलं. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र रावांचं काहीतरी बिनसलं. तंग आवळायला गेलं की कान मागे पाडायचा, एकदा तर त्यानं लेकीच्या बाहीला दातच लावले. चंदी अर्धी टाकून द्यायचा आणि गवताकडे वळायचा. अंगावरची झळाळी गेली. रिंगणात पळवायला घेतलं की मध्येच थांबून पोटाकडे मान वळवायचा.

पागेतल्या अनुभवी मंडळींनी निदान केलं, "पोरगी मऊ आहे, घोडा डोक्यावर बसलाय. जरा कडक व्हायला सांगा." लेक कडक व्हायला गेली आणि रडत घरी आली. "त्याला मी आवडत नाही" हे तिचं म्हणणं. आम्ही दोघं रात्री स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात घोडा विकण्याच्या गोष्टी करू लागलो. तिला ऐकू गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर ती एकच वाक्य बोलली, "तो वाईट नाहीये, त्याचं काहीतरी दुखतंय."

मग कुणीतरी 'अल्सर' हा शब्द उच्चारला आणि आम्ही खाद्याच्या दुकानात पोचलो. तिथं पोटाच्या सप्लिमेंटसाठी एक अख्खी मांडणी होती! कुठं समुद्री शेवाळातलं कॅल्शियम, कुठं पेक्टिन आणि लेसिथिन, कुठं ज्येष्ठमध, कुठं मॅग्नेशियम. प्रत्येक डब्यावर चमकदार घोडा आणि त्याच्या मानेला बिलगलेली हसरी मुलगी. सर्दीला तीन काढे एकदम पाजणाऱ्या घरात आम्ही वाढलेलो. दोन महिन्यांत तीन डबे आणले, एकाचा गुण येतोय की नाही हे बघायच्या आत दुसरा उघडला. खर्च दीडशे पौंडांच्या घरात गेला. टॉफी होता तसाच.

शेवटी घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "लक्षणांवरून अल्सर ठरवता येत नाही. पाठ दुखत असेल, खोगीर बसत नसेल, तरी घोडा असाच वागतो. आत बघायला हवं." रात्रभर उपाशी ठेवून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, नाकपुडीतून तीन मीटर लांबीची दुर्बीण पोटात घातली. पडद्यावर आम्हालाही दिसलं. पोटाच्या वरच्या भागात, जिथं अस्तर पांढरट आणि गुळगुळीत असायला हवं, तिथं लालपिवळे ओरखडे. ० ते ४ या मापात तिसऱ्या पायरीचे व्रण. लेक पडद्याकडे बघत म्हणाली, "आणि मी त्यावर तंग आवळत होते." त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्यांनीच समजून घेण्यासारखं आहे. आपल्या पोटात आम्ल वाढतं ते मुख्यतः जेवणाच्या सुमाराला. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास झरत असतं, खाल्लं तरी, न खाल्लं तरी. मोठ्या घोड्याच्या पोटाची पिशवी जेमतेम ८ ते १५ लिटरची, म्हणजे त्याच्या देहाच्या मानानं लहानच. आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि गंमत अशी की घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. वासानं, आठवणीनं तोंडाला पाणी सुटणं हे भाग्य आपलं, त्याचं नव्हे! एक किलो वाळलेलं गवत चघळायला घोड्याला पाऊण तास लागतो आणि तीनेक हजार वेळा दात हलवावे लागतात. एक किलो चंदी दहा मिनिटांत फस्त. म्हणजे चंदीबरोबर लाळ कमी, आणि वर तिच्यातला स्टार्च पोटात आंबून आम्लात भर घालतो.

पोटाचा खालचा भाग चिकट स्रावानं स्वतःचं रक्षण करतो. वरच्या भागाला तसलं चिलखत नाही. पोटात गवताचा थर तरंगत असेल तर आम्ल खाली राहतं. पोट रिकामं असताना घोडा दौडवला की ते वर उसळतं आणि उघड्या अस्तराला भाजतं. म्हणून तर शर्यतीच्या तालमीत असलेल्या घोड्यांमध्ये हे व्रण दहापैकी आठ किंवा त्याहूनही अधिक जणांना सापडतात. माणसाच्या अल्सरमागचा जंतू शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. घोड्याच्या बाबतीत असा एखादा जंतू गुन्हेगार ठरलेला नाही. इथं दोष बहुतेक वेळा वेळापत्रकाचा असतो, आणि वेळापत्रक मालकाचं असतं.

आमचं वेळापत्रक कसं होतं ते दौंडच्या आजीनं उघडं पाडलं. आजी म्हणजे लेकीची आजी. तिच्या वडिलांचा दौंड स्टेशनावर टांगा होता. रविवारी व्हिडिओवर बोलताना नातीनं तिला सगळं सांगितलं. आजीनं सप्लिमेंटचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "रात्री काय खातो गं तो?"

"संध्याकाळी पाचला गवत देतो, आजी."

"आणि मग?"

"मग सकाळी सातला."

"अगं बाई! आमचा घोडा तर रात्रभर कडबा चावत उभा असायचा. मला झोपेत आवाज यायचा. रात्री घोड्यापुढं वैरण नाही म्हणजे काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पाचला दिलेलं गवत साडेसातला संपत होतं. म्हणजे सकाळपर्यंत जवळजवळ बारा तास टॉफीरावांना रोजच निर्जळी एकादशी. पाणी होतं एवढंच. २००९ साली डेन्मार्कमधल्या २०१ घोड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चाऱ्याच्या दोन वेळांमध्ये सहा तासांहून अधिक अंतर हे अल्सरचं एक कारण म्हणून पुढे आलं होतं. आजीनं तो अभ्यास वाचलेला नव्हता.

गवत आम्ही कमी का केलं होतं? कारण टॉफी जाडा झाला होता. न्यू फॉरेस्टसारखे गावठी पोनी वाऱ्यावर पोसले जातात. वजन वाढलं की लॅमिनायटिसची भीती, म्हणजे खुराच्या आतल्या पडद्यांना सूज येऊन घोडा कायमचा पांगळा होण्याची. नालबंदानं बजावलं, "याचं खाणं कमी करा." आम्ही गवत निम्मं केलं. चंदीला हात लावला नाही. वाळलेलं गवत म्हणजे आमच्या हिशेबी नुसती पोटभरी. खरं खाणं, मायेचं खाणं म्हणजे ती गुळचट वासाची, मक्याचे पोहे घातलेली चंदी. जावयाला पोळ्या कमी आणि श्रीखंड जास्त वाढावं, तसलाच हा प्रकार.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तज्ज्ञांचा सल्ला असा की स्टार्च एका वेळी किलो वजनामागे १ ग्रॅम आणि दिवसभरात २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे ३२० किलोच्या टॉफीला एका वेळी ३२० ग्रॅम आणि दिवसाला ६४० ग्रॅम ही हद्द. आमच्या चंदीत स्टार्च तीस टक्के. दोन्ही वेळा बाराशे ग्रॅम घालत होतो. एका वेळी ३६०, दिवसाला ७२० ग्रॅम! दोन्ही हद्दी ओलांडलेल्या. आणि चारा? वजनाच्या किमान दीड टक्का, तोही ओलावा वगळून. म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास कोरडा भाग, साधारण साडेपाच ते सहा किलो गवत. आम्ही देत होतो तीन. या हिशेबात सप्लिमेंटचा चमचा कुठं बसणार होता?

औषध म्हणून डॉक्टरांनी ओमेप्राझोल दिलं. हो, तेच! आपल्याकडे घराघरांत सकाळी चहाआधी घेतली जाणारी गोळी. घोड्यासाठी ते तोंडात पिचकारीनं द्यायच्या पेस्टच्या रूपात येतं आणि फक्त चिठ्ठीवर मिळतं. व्रण भरण्यासाठी नेहमीचा डोस किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. आम्हाला सांगितलेली पद्धत अशी: सकाळी पहिल्या खाण्याआधी औषध आणि तासाभरानं गवत. (पहाटे घोडे तसेही कमी चरतात, त्यामुळे तेवढा खंड चालतो.) घरातल्या गोळ्या मात्र घोड्याला देऊ नयेत. हे औषध आम्लात नासतं, त्यामुळे घोड्याच्या पोटाला साजेशी त्याची बनावट वेगळी असते.

आणखी एक गोष्ट. २०१५ साली युरोपियन कॉलेज ऑफ इक्वाइन इंटर्नल मेडिसिननं काढलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे की वरच्या भागातले आणि खालच्या भागातले व्रण हे दोन वेगळे आजार मानावेत. वरचे व्रण ओमेप्राझोलनं २८ दिवसांत बहुतेक घोड्यांमध्ये भरतात. खालचे एकट्या ओमेप्राझोलनं जेमतेम चौथ्या हिश्शात. तिथं सुक्रालफेटसारखी दुसरी औषधं जोडीला लागतात. दुर्बिणीवाचून डबा निवडणं म्हणजे अंधारात बाण मारणं, ते याच कारणानं.

आता त्या मांडणीकडे वळू. दुकानातले डबे आम्ही मनाशी पाच गटांत वाटले आहेत.

पहिला गट आम्ल मारणाऱ्यांचा: कॅल्शियम, मॅग्नेशियम, समुद्री शेवाळ. यांचा गुण येतो, पण टिकतो थोडे तास. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घालून दिवसभराचं संरक्षण मिळत नाही. स्वारीच्या किंवा प्रवासाच्या आधी दिलं तर काही उपयोग.

दुसरा गट लेप देणाऱ्यांचा: पेक्टिन-लेसिथिन, स्लिपरी एल्मची साल, जवस. पेक्टिन-लेसिथिनचे काही प्रयोग अनुकूल निघाले, काही प्रतिकूल. जवस आपल्या ओळखीची, शिजवल्यावर बुळबुळीत होते हे आपल्या आज्यांनाही ठाऊक. पण कच्ची जवस भिजत घालून देऊ नये. तिच्यातून सायनाइड सुटू शकतं, म्हणून जुने इंग्रज मोतद्दार ती उकळूनच द्यायचे.

तिसरा गट वनस्पतींचा. ज्येष्ठमध बघून आम्हाला भरूनच आलं होतं! पण माणसांमध्ये फार दिवस घेतल्यास त्यानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, तेव्हा 'घरगुती आहे, चालेल' असं म्हणून मूठभर घालण्याची ही वस्तू नाही. सी बकथॉर्न हे आंबट फळ लडाखमध्येही होतं. त्याच्या एका प्रयोगात पोटाच्या खालच्या भागाला फायदा दिसला, वरच्याला दिसला नाही. टॉफीचे व्रण वरचे. तोच आमचा दुसरा डबा होता.

चौथं तेल. रोज ४५ मिलिलिटर मक्याचं तेल दिल्यानं पोनींच्या पोटातलं आम्ल घटलं, असा एक प्रयोग आहे. मोठ्या घोड्यांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात अल्सरवर काही परिणाम दिसला नाही. किडकिडीत घोड्याला द्यायला हरकत नसावी, आमच्या गुबगुबीत रावांना ते परवडणारं नव्हतं.

पाचवी लसूणघास, म्हणजे इथली लुसर्न. तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर, त्यामुळे आम्ल शोषून घेण्यात ती साध्या गवतापेक्षा सरस. स्वारीच्या अर्धा तास आधी दोन ओंजळी चिरलेली लसूणघास दिली की पोटात थर तयार होतो आणि आम्ल वर उसळत नाही. हाही उपाय डोळे मिटून करायचा नाही. दूध तुटलेल्या शिंगरांवरच्या एका जर्मन अभ्यासात चिरलेली लसूणघास खाणाऱ्यांच्या पोटाच्या खालच्या तोंडाशी इजा अधिक दिसल्या. दोन ओंजळी म्हणजे दोनच ओंजळी.

डबा हातात घेतल्यावर आता आम्ही चार प्रश्न विचारतो. कामाचा घटक एका चमच्यात किती ग्रॅम आहे आणि तो आपल्या घोड्याच्या वजनाला पुरेसा आहे का? त्याचा परिणाम किती तास टिकतो? घोड्यांवर, आधी आणि नंतर दुर्बिणीनं बघून, कुणी तपासलाय का? आणि साखर किती? मुलं स्पर्धांना जात असतील तर पाचवा प्रश्न: बंदी असलेल्या पदार्थांची तपासणी झाल्याची बीटा नॉप्स ही खूण डब्यावर आहे का? कोकोच्या अंशातलं थिओब्रोमीन किंवा खसखशीच्या झाडातलं मॉर्फीन खाद्यात मिसळून आलं तर घोडा बाद होतो आणि मूल बिचारं नाहक गुन्हेगार ठरतं. एक लक्षात ठेवा, सप्लिमेंट हे कायद्यानं खाद्य आहे, औषध नव्हे. 'अल्सर बरा करतो' असं त्यावर लिहायला परवानगी नाही, म्हणून तर डब्यांवर 'आराम', 'समतोल' असे गोड शब्द असतात. आणि दुखण्यावर म्हणून ब्यूटसारखं औषध चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानंही पोटाला इजा होऊ शकते.

मग आम्ही शेवटी काय केलं? चंदी बंद. तिच्या जागी जीवनसत्त्वं आणि क्षार असलेलं थोडंसं बॅलन्सर. गवत मोजून सहा किलो, पण तासभर पाण्यात भिजवलेलं, म्हणजे साखर धुऊन जाते आणि वजन वाढत नाही. ते बारीक भोकांच्या दोन जाळ्यांत भरतो, एकात एक घालून, म्हणजे रावांना एकेक काडी उपसावी लागते. शेवटची जाळी रात्री दहाला. पागेत त्या वेळी कुणी नसतं, त्यामुळे आम्ही दोघं आळीपाळीनं जातो. लसूणघासीच्या दोन ओंजळी स्वारीआधी. आणि त्या तीन डब्यांपैकी एक, आम्ल मारणारा, ट्रेलरचा प्रवास असेल त्या दिवसापुरता ठेवलाय. बाकीचे दोन संपले, पुन्हा आणले नाहीत.

२८ दिवसांनी पुन्हा दुर्बीण घातली. तिसरी पायरी पहिलीवर आली होती. औषध एकदम तोडलं तर आम्ल उसळू शकतं, म्हणून डॉक्टरांनी डोस उतरवत नेला. एप्रिलमध्ये लेकीनं पुन्हा खोगीर घातलं. तंग एकेक भोक करत, मध्ये थांबून आवळला. टॉफीनं कान मागे केले, मग पुढे केले. सवय जायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. अजूनही कधीकधी तो मान वळवून बघतो.

परवा रात्रीची पाळी असताना आम्ही फोन चालू करून जाळीजवळ धरला. दौंडला पहाटेचे साडेतीन वाजले असतील, पण आजी हल्ली त्या वेळेला जागीच असते. टॉफी गवत चावत होता. आजी बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "हां, असंच."

कुणाच्या घोड्याचं असंच काही बिनसलं असेल तर संकोच न करता पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. अनुभव फुकट देऊ. डॉक्टर मात्र तुमचे तुम्हीच बोलवा.